कोपरासाठी कोणता कृत्रिम सांधा निवडावा?

प्रश्न : मी 58 वर्षांची, सांगली जिल्ह्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. गेली 21 वर्षे मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि तीन वर्षांपासून दर पंधरा दिवसांनी अडालिमुमॅबचे इंजेक्शन चालू आहे. बोटे आणि मनगटे बऱ्यापैकी सांभाळली गेली, पण उजवे कोपर पार गेले आहे. एक्स-रेच्या अहवालात ‘लार्सन ग्रेड 4’, म्हणजे सांध्याची गंभीर हानी, असे लिहिले आहे. वेणी घालता येत नाही, घास तोंडापर्यंत पोहोचत नाही आणि तांब्या उचलताना कोपर बाजूला लचकल्यासारखे होते. पुण्यातील डॉक्टरांनी ‘कूनराड-मोरी’ पद्धतीचा बिजागरीचा सांधा सुचवला. मुंबईतील डॉक्टर म्हणाले की, ‘लॅटिट्यूड’ हा नवा सांधा न जोडता बसवता येतो, तो नैसर्गिक कोपरासारखा असतो आणि जास्त टिकतो. आम्ही कोणाचे ऐकावे? सांधा किती वर्षे टिकेल? उजवा गुडघाही बदलावा लागेल असे सांगितले आहे. मला सात महिन्यांचा नातू आहे, त्याला उचलता येईल का? – एक भगिनी

उत्तर : आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर सांगतो आणि मग त्यामागची कारणे सांगतो, कारण तुमच्या दोन डॉक्टरांत खरा मतभेद कोठे आहे हे कळल्याशिवाय तुम्हाला निर्णय घेता येणार नाही. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तुमच्या कोपराला दोन्ही भाग एकमेकांशी जोडलेला, म्हणजे बिजागरीचाच सांधा योग्य ठरेल असे माझे मत आहे. तो कूनराड-मोरी असावा की जोडून बसवलेला लॅटिट्यूड, हा प्रश्न मी दुय्यम मानतो. मात्र कोपराआधी तुमच्या मानेचा आणि गुडघ्याचा विचार झाला पाहिजे. तो कोणी केल्याचे तुमच्या पत्रातून दिसत नाही, म्हणून त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘लार्सन ग्रेड 4’ हे नसून ‘तांब्या उचलताना कोपर बाजूला लचकते’ हे आहे. निरोगी कोपरात दंडाच्या हाडाचा खालचा गोल भाग आणि कोपराखालच्या हातातील अल्ना या हाडाची खाच एकमेकांत नेमकी बसतात आणि दोन्ही बाजूंचे अस्थिबंध त्यांना डावी-उजवीकडे सरकू देत नाहीत. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात सांध्याचे आतले अस्तर सुजून वाढते, आधी कूर्चा खाते, मग हाड पोखरते, आणि त्याच ओघात अस्थिबंधही ताणले जाऊन सैल पडतात. खाच झिजली आणि दोऱ्या सैलावल्या की कोपर नुसते दुखत नाही, ते आधारच देईनासे होते. कोणता सांधा बसवायचा हे मुख्यतः याच एका गोष्टीवरून ठरते, आणि ती गोष्ट एक्स-रेपेक्षा डॉक्टरांच्या हाताला जास्त नीट कळते. एका हाताने दंड आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून कोपर हलकेच डावी-उजवीकडे हलवून पाहिले की उत्तर मिळते. दोन्ही डॉक्टरांनी ही तपासणी केली होती का, हे आठवून पाहा.

आता हे दोन प्रकार जन्माला कसे आले ते पाहू. 1970 च्या सुमारास हाडात वैद्यकीय सिमेंटने जे बिजागरीचे सांधे बसवले गेले, ते दाराच्या बिजागरीसारखे एकाच दिशेने हलणारे आणि घट्ट होते. कोपर मात्र वाकताना किंचित डावी-उजवीकडे कलते आणि किंचित पिळतेही. घट्ट बिजागरीत त्या पिळाला वाव नसल्यामुळे सगळा ताण हाड आणि सिमेंट यांच्या जोडावर पडे आणि काही वर्षांतच सांधा हाडात सैल होई. या अनुभवातून दोन वाटा फुटल्या. एक वाट म्हणजे बिजागरीच काढून टाकणे : दंडाच्या हाडावर धातूचे टोपण, अल्नावर प्लॅस्टिकची खाच, आणि दोन्ही सुटे. एडिंबरा आणि ग्लासगो येथे घडलेला साउटर-स्ट्रॅथक्लाइड आणि जपानमधील कुडो यांचे सांधे या पठडीतले. दुसरी वाट म्हणजे बिजागरी ठेवायची, पण मुद्दाम ढिली ठेवायची. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील राल्फ कूनराड यांचा सांधा तेथील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या बर्नार्ड मोरी यांनी 1978 नंतर सुधारला, त्यात सुमारे 7 अंशांची डावी-उजवी हालचाल शिल्लक ठेवली, आणि तोच कूनराड-मोरी म्हणून प्रसिद्ध झाला.

हा सांधा हातात घेऊन पाहिला तर ही ढिलाई बोटांना जाणवते. दंडाच्या हाडात जाणारा चपटा दांडा खाली दुभंगून त्याची दोन पाती होतात, त्या पात्यांमध्ये अल्नाच्या दांड्याचे डोके बसते आणि आडवी खीळ आरपार जाऊन दोघांना अडकवते. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे कडी, असतात. दांडा धरून हलवला की खालचा भाग थोडा डुलतो, पण सुटत नाही. दंडाच्या भागाला पुढच्या बाजूने जिभेसारखी एक पट्टी असते, तिच्या आणि हाडाच्या मध्ये रुग्णाच्याच हाडाचा एक तुकडा सरकवून ठेवतात, आणि तो तुकडा हाडाशी एकजीव झाला की पिळाचा आणि मागे ढकलणारा ताण त्या पट्टीवर पेलला जातो. मला हा सगळा भाग नेहमीच फार विचारपूर्वक घडवलेला वाटत आला आहे, कारण रोजच्या हालचालीत कोपर त्या ढिलाईच्या मर्यादेतच राहते आणि बराचसा ताण सिमेंटऐवजी भोवतालचे स्नायू घेतात.

मुंबईतील डॉक्टरांनी तुम्हाला जे सांगितले, ते या इतिहासातूनच आलेले आहे. न जोडलेल्या सांध्यात ताण अस्थिबंधांवर वाटला जातो, त्यामुळे सिमेंटचा जोड जास्त टिकावा, हा तर्क कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात काय झाले हे पाहण्यासाठी ऑक्सफर्डच्या शल्यचिकित्सकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेली तुलना उपयोगी आहे. त्यांनी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांमधील साउटर-स्ट्रॅथक्लाइड, कुडो आणि कूनराड-मोरी यांची प्रत्येकी 33 कोपरे शेजारी ठेवून पाहिली. पाच वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया न लागलेली कोपरे अनुक्रमे 85, 93 आणि 90 टक्के होती. वेदना कमी होणे आणि हालचाल सुधारणे यांत तिन्ही जवळपास सारखे ठरले. फरक पडला तो निखळण्यात : जोडलेला सांधा निखळला नाही, आणि जोडलेला असूनही तो इतरांपेक्षा जास्त सैल झाला असेही दिसले नाही. अल्नाच्या दांड्याजवळचे हाड काही कोपरांत झिजलेले मात्र दिसले, आणि म्हणून या सांध्याचे एक्स-रे पुढेही काढत राहावे लागतात.

म्हणजे न जोडलेल्या सांध्याचा अपेक्षित फायदा या तुलनेत दिसला नाही, पण त्याची जोखीम, म्हणजे निखळणे, मात्र दिसली. ज्या कोपराचे अस्थिबंध शाबूत आहेत आणि हाड पुरेसे उरले आहे, तेथे न जोडलेला सांधा चांगला चालतो. जपानमध्ये अशा सांध्यांचा मोठा आणि चांगला अनुभव आहे. तुमचे कोपर रिकाम्या तांब्याला लचकते की भरलेल्या, हे तुम्ही लिहिलेले नाही, पण लचकते एवढे पुरेसे आहे. लॅटिट्यूडविषयी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. तो जोडून किंवा न जोडता, दोन्ही प्रकारे बसवता येतो, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोपर अस्थिर आढळले तर डॉक्टर तेथेच तो जोडू शकतात. म्हणून मुंबईच्या डॉक्टरांना एवढाच प्रश्न विचारा : ‘माझे कोपर असे लचकत असताना तुम्ही सांधा जोडून बसवाल की सुटा ठेवाल?’ उत्तर ‘जोडून’ असे आले, तर तुमच्या दोन डॉक्टरांत तुम्हाला वाटतो तेवढा मतभेद उरत नाही.

‘नवा’ आणि ‘नैसर्गिक’ या शब्दांवर मात्र भरवसा ठेवू नका. सांध्याचे वय कमी असणे म्हणजे त्याचा पंधरा-वीस वर्षांचा हिशोब अजून व्हायचा असणे, आणि तुमच्यासारख्या 58 वर्षांच्या व्यक्तीला नेमका तोच हिशोब हवा असतो.

तो हिशोब कूनराड-मोरीच्या बाबतीत उपलब्ध आहे. मेयो क्लिनिकने ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी बसवलेल्या 461 कोपरांचा दीर्घ पाठपुरावा 2016 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सांधा बदलावा किंवा काढावा लागला नाही अशांचे प्रमाण 10 वर्षांनी 92 टक्के, 15 वर्षांनी 83 टक्के आणि 20 वर्षांनी 68 टक्के होते. तुमच्या वयाला लावून पाहिले तर 78 व्या वर्षापर्यंत तीनांतील दोन कोपरे पहिल्याच सांध्यावर चालू राहतात आणि तिसऱ्याला पुन्हा शस्त्रक्रिया लागते. हे आकडे अशा संस्थेचे आहेत जेथे हा सांधा घडला, हे लक्षात ठेवावे. संपूर्ण फिनलंडच्या कृत्रिम सांध्यांच्या नोंदवहीत 1982 ते 2006 या काळातील 1,457 कोपरांचा हिशोब आहे, आणि तेथे दहा वर्षांचा आकडा 83 टक्के आला. त्याच अभ्यासात मला अधिक बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच होती. वेगवेगळ्या बनावटींच्या सांध्यांमध्ये टिकाऊपणाचा ठळक फरक सापडला नाही, पण संधिवाताच्या सांध्यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णालयाच्या तुलनेत इतरत्र शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची जोखीम सुमारे दीडपट होती. तुम्ही दोन सांध्यांची तुलना मागितली आहे, आणि मी तुम्हाला दोन डॉक्टरांच्या अनुभवाची तुलना करायला सांगतो आहे, ते या कारणाने.

आणखी एक सूक्ष्म मुद्दा सांगतो. अशा आकड्यांत ‘टिकला’ याचा अर्थ ‘पुन्हा शस्त्रक्रिया झाली नाही’ एवढाच असतो. सांधा सैल होऊन दुखत आहे, पण वयामुळे किंवा भीतीमुळे रुग्ण पुन्हा टेबलावर गेला नाही, तर त्याचीही गणना टिकलेल्यांतच होते. कोपराच्या बाबतीत ही भीती अनाठायी नाही, कारण दुसऱ्या वेळी जुने सिमेंट पातळ झालेल्या हाडातून खरवडून काढावे लागते आणि हाड मोडण्याचा धोका असतो. फक्त प्लॅस्टिकचे बुश झिजले असतील तर काम त्यामानाने सोपे असते. दांडे जागेवर ठेवून बुश बदलता येतात. म्हणूनच दुखत नसले तरी ठरलेल्या वेळी एक्स-रे काढायला जावे.

आता नातवाविषयी. मला हे लिहिताना वाईट वाटते, पण खोटा दिलासा देणे त्याहून वाईट होईल. कोपराच्या कृत्रिम सांध्याने वारंवार उचलण्याचे वजन साधारण एक किलोपर्यंत आणि कधीतरी एकदाच उचलण्याचे वजन फार तर साडेचार-पाच किलोपर्यंत ठेवावे, असे बहुतेक शल्यचिकित्सक सांगतात, आणि ही मर्यादा फिजिओथेरपीच्या काळापुरती नसून जन्मभराची असते. पाण्याने भरलेला मोठा तांब्या एक किलोच्या घरात जातो. भरलेली बादली, पाच लिटरचा भरलेला कुकर, दळणाचा डबा हे सगळे त्या हाताला वर्ज्य आहे. सात महिन्यांचे मूल सात-आठ किलोंचे असते, म्हणजे त्याला उजव्या हाताने जमिनीवरून उचलता येणार नाही. तुम्ही बसलेल्या असाल आणि कोणी त्याला मांडीवर आणून दिले तर त्या हाताने त्याला सावरून धरता येईल. याच्या बदल्यात जे मिळते तेही थोडे नाही. रोजच्या बहुतेक कामांना कोपर सुमारे 30 पासून 130 अंशांपर्यंत वाकणे पुरते, आणि त्याच्या जवळपास हालचाल मिळाली की जेवणे, वेणी घालणे, चष्मा लावणे, पदर खांद्यावर नीट घेणे ही कामे परत हाताशी येतात. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या एका आजी घास तोंडाकडे नेता येत नाही म्हणून मान वाकवून तोंड ताटाजवळ नेत असत, आणि त्यामुळे त्यांनी लग्नकार्यात पंगतीला बसणेच सोडून दिले होते. शस्त्रक्रियेनंतर अडीच महिन्यांनी त्या आल्या, तेव्हा त्यांनी मला न विचारताच पिशवीतून लाडू काढून खाऊन दाखवला. कोपर आखडून पक्के करून टाकण्याचा पर्याय मी सुचवत नाही तो यासाठीच, कारण मनगट एका कोनात पक्के केले तर हात चालतो, पण कोपर कोणत्याही एका कोनात पक्के केले तरी तोंड किंवा कंबर यांपैकी एक जागा हाताला कायमची दुरावते.

याच वजनाच्या मर्यादेतून गुडघ्याचा प्रश्न उभा राहतो. गुडघा बदलल्यानंतर काही आठवडे वॉकरवर किंवा काठीवर भार देऊन चालावे लागते, खुर्चीतून उठताना हातांनी रेटा द्यावा लागतो, आणि हा सगळा रेटा कोपरावरून जातो. नव्या कोपराला तो सोसवणारा नाही. म्हणून वर्षा-दोन वर्षांत गुडघा बदलायचाच असेल, तर सामान्यतः गुडघा आधी आणि कोपर नंतर हा क्रम बरा पडतो. तुमचे उजवे कोपर आजही रेटा घेत नसेल, तर गुडघ्याच्या वेळी भार मनगटावर न येता आडव्या धरलेल्या हातावर येईल असा पन्हाळीचा आधार असलेला वॉकर मिळतो. त्याची सोय आधी करून ठेवावी. खांदा दुखत असेल तर तेही सांगा. दंडाचा दांडा साधारण 10 आणि 15 सेंटीमीटर लांबीत मिळतो, आणि पुढे त्याच बाजूचा खांदा बदलण्याची शक्यता असेल तर वरून येणाऱ्या दांड्याला जागा राहावी म्हणून आखूड दांडा निवडणे शहाणपणाचे असते.

मानेचे महत्त्व याहूनही मोठे आहे. वीस-एकवीस वर्षांच्या ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील अस्थिबंध सैल होऊन पहिला मणका पुढे सरकलेला असू शकतो, आणि मान दुखत नसतानाही हे असू शकते. भूल देताना नळी घालण्यासाठी मान मागे कलवली तर मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. म्हणून मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन असे दोन एक्स-रे काढून ते भूलतज्ज्ञांना आधी दाखवले पाहिजेत. हे गुडघ्यालाही लागू आहे आणि कोपरालाही.

औषधांविषयी तुमच्या संधिवाततज्ज्ञांचा शब्द अंतिम मानावा; तुम्हाला कल्पना असावी म्हणून सर्वसाधारण पद्धत सांगतो. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने गुडघा आणि खुबा यांच्यासाठी केलेली मार्गदर्शक तत्त्वे कोपरासाठीही सामान्यतः वापरली जातात. त्यांनुसार मेथोट्रेक्सेट बंद करत नाहीत. ते स्वतःहून थांबवल्याने आजार उसळण्याची भीती असते. प्रेडनिसोलोन रोजच्याच मात्रेत चालू ठेवतात. अडालिमुमॅबचे एक इंजेक्शन टाळून शस्त्रक्रिया तिसऱ्या आठवड्यात ठेवतात, आणि जखम भरून टाके निघाल्यावर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ते पुन्हा सुरू करतात. हे इंजेक्शन प्रतिकारशक्ती कमी करते, म्हणून ते टाळतात ते जंतुसंसर्ग होऊ नये यासाठी. कोपराच्या मागे कातडीखाली लगेच हाड लागते, मध्ये मांसाची गादी नसते, आणि स्टेरॉइडने कातडी आणखी पातळ झालेली असते. म्हणून जखम पूर्ण भरेपर्यंत कोपर वाकवण्याची घाई करू नये, मग घरातले कितीही ‘व्यायाम करा’ म्हणोत. हिरड्यांत किंवा लघवीत संसर्ग असेल तर त्याचे उपचार आधी पूर्ण करावेत.

शस्त्रक्रियेपूर्वी आणखी दोन गोष्टी डॉक्टरांकडून समजून घ्याव्यात. कोपराच्या आतल्या बाजूने करंगळी आणि अनामिका यांच्याकडे जाणारी नस जाते. ती कशी सांभाळणार हे विचारावे, आणि त्या बोटांना आत्ताच मुंग्या येत असतील तर त्याची नोंद आधी करून घ्यावी, म्हणजे नंतर गैरसमज होत नाहीत. दुसरे म्हणजे कोपर सरळ करणारा मागचा ट्रायसेप्स स्नायू हाडावरून सोडवणार की जागेवर ठेवूनच काम करणार. सोडवला तर सुमारे सहा आठवडे त्या हाताने ढकलण्याचे काम करता येत नाही, आणि तो नीट जुळला नाही तर उठताना हाताचा आधार कायमचा कमी पडतो.

राहिला डॉक्टरांच्या निवडीचा प्रश्न. चांगल्या औषधांमुळे ऱ्हुमॅटॉइड संधिवाताने कोपर पूर्ण जाण्याचे प्रमाण घटले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्यामुळेच ही शस्त्रक्रिया दुर्मीळ झाली आहे. गुडघे शेकड्यांनी बदलणारे उत्तम डॉक्टरही कोपर क्वचितच बदलतात. इंग्लंडमध्ये ही कामे मोजक्या केंद्रांत एकवटावीत असा आग्रह धरला जातो तो याच कारणाने. तेव्हा दोघांनाही सरळ विचारा : गेल्या वर्षभरात तुम्ही किती कोपरे बदलली, त्यांत ऱ्हुमॅटॉइडची किती, कोणता सांधा तुमच्या हातात बसलेला आहे, आणि तो बिघडला तर दुसरी शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करता का. असे विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. ज्याचा हात एका सांध्यावर बसला आहे, त्याला तोच सांधा बसवू द्यावा. खर्चाचा अंदाज लेखी घ्या; 2017 मध्ये सरकारने जी कमाल किंमत ठरवून दिली ती गुडघ्याच्या सांध्यांची आहे, तिच्यावरून कोपराचा हिशोब करू नका.

तुमच्यासाठी क्रम असा : या महिन्यात मानेचे एक्स-रे आणि गुडघ्याची तपासणी, मग पुण्यातील आणि मुंबईतील डॉक्टरांना वरचे प्रश्न, आणि त्यानंतर तारीख. शस्त्रक्रिया झाल्यावर सांध्याच्या खोक्यांवरील चिकटपट्ट्या, ज्यांवर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक छापलेला असतो, त्या डिस्चार्जच्या कागदावर लावलेल्या आहेत ना हे स्वतः पाहा आणि तो कागद रेशनकार्डाइतकाच जपून ठेवा, कारण पंधरा वर्षांनी बुश बदलायची वेळ आली तर समोरच्या डॉक्टरांना नेमके कोणते बुश मागवायचे हे त्याच कागदावरून कळणार आहे.